पांथस्थाचें थंड पाणी

उन्हाळ्यांत प्रवासास निघणाऱ्या माणसापुढें अन्न, वस्त्र आणि वाहन यांच्याही आधीं पाण्याचा प्रश्न उभा राहतो. आणि वऱ्हाडासारख्या तापट प्रांतांत तो केवळ पाण्याचा नसून थंड पाण्याचा असतो. या जुन्या प्रश्नाला आमच्या काळांत एक नवें उत्तर मिळालें आहे. भिंतींत फोमचा थर घातलेली, बर्फासह अन्नपाणी गार ठेवणारी आणि दोन पट्ट्यांनीं पाठीवर बांधतां येणारी पिशवी ‘कूलर बॅग’ या नांवानें बाजारांत मिळते. लोणारच्या विवरांत उतरूं इच्छिणारीं अथवा ज्ञानगंगा अभयारण्यांत एखादा दिवस घालवूं पाहणारीं कुटुंबें ती घेण्यापूर्वीं तिचा रंग पाहतात, किंमत पाहतात, फार तर तींत किती बाटल्या मावतात तें पाहतात. आमच्या मतें त्यांनीं तिचा इतिहासही पाहावा. ज्याला तो ठाऊक आहे त्याला पिशवी निवडण्याचे नियम निराळे शिकावे लागत नाहींत. शिवाय त्या इतिहासाचा एक भाग असा आहे कीं, तो विसरून ही पिशवी पाठीवर घेणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

नांवापासूनच आरंभ करूं. बुलढाणा जिल्ह्यांत ‘कूलर’ म्हटलें कीं खिडकीशीं ठेवलेली, ओल्या ताट्यांतून वारा आंत ओढणारी पेटी डोळ्यांपुढें येते. ती पेटी सारखी पाणी पिते आणि तें हवेला देऊन टाकते. या देण्यांतूनच गारवा उत्पन्न होतो. पाठीवरच्या पिशवीची रीत याच्या अगदीं उलट. ती कांहीं देत नाहीं आणि बाहेरची ऊब होईल तितकी आंत येऊं देत नाहीं. मिळालेला गारवा ती कृपणासारखी राखून ठेवते. पहिली युक्ति गारवा निर्माण करण्याची, दुसरी तो सांभाळण्याची. नांव एकच असल्यामुळें दोहोंची गल्लत होते. परंतु वाटेवर थंड पाणी बाळगण्याचे बहुतेक उपाय या दोन युक्तींच्याच पोटांत येतात.

आमचा जिल्हा या विषयाच्या विचारास मोठा सोयीचा आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें त्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा वरचा मुलूख. मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद, संग्रामपूर हा पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीचा खालचा मुलूख. घाटाखालीं वैशाखांत पारा ४२ अंशांच्या वर सहज जातो. आणि त्या खोऱ्यांत खारपाणपट्टा पसरलेला असल्यामुळें तेथील पुष्कळ विहिरींचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. अशा मुलुखांत गोडें पाणी बरोबर घेऊन निघणें ही चैन नव्हती. घाटावर स्थिति थोडी बरी. जिजाबाईंचें जन्मगांव जें सिंदखेड राजा, तेथें पुतळा बारव आहे; लोणारच्या विवराच्या कांठीं गोड्या पाण्याची धार आहे. जमिनीच्या पोटांत कांहीं हात खालीं उन्हाची झळ पोंचत नाहीं व तेथील उष्णमान वर्षभर जवळजवळ सारखें राहतें. म्हणून बारवेच्या पायऱ्या उतरणाऱ्या वाटसरूस पाण्याआधींच गारवा भेटत असे. परंतु बारव पाठीवर घेतां येत नाहीं. एका पाणवठ्यापासून दुसऱ्या पाणवठ्यापर्यंतच्या वाटेसाठीं कांहींतरी पात्र हवेंच होतें.

अशा पात्रांपैकीं एक जुनी जात कातड्याची. बैलाच्या पाठीवर दोहों बाजूंस लोंबे ती पखाल, आणि माणसाच्या पाठीवर असे ती मशक. पाठीवर पाणी वाहण्याची कल्पना नवी नाहीं, हें येथें ध्यानांत घ्यावें. फरक इतकाच कीं, मशक वाहणारा भिस्ती तें पाणी बहुधा दुसऱ्यासाठीं वाहत असे. छागळ या शब्दाच्या मुळाशींही संस्कृतांतील छाग, म्हणजे बोकड, आहे. पुढें कातड्याची जागा जाड कापडानें घेतली तरी नांव तेंच राहिलें. बैलगाडीला, आगगाडीच्या डब्याच्या खिडकीला आणि नंतर मोटारीच्या पुढच्या अंगाला बांधलेली ही ओली छागळ एके काळीं प्रवासाची खूणच होती. आज ती क्वचित् दृष्टीस पडते.

छागळीचें शास्त्र सोपें आहे. कापडाच्या विणींतून पाणी पाझरतें, वाऱ्यानें त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता बरीचशी आंत उरलेल्या पाण्यांतून घेतली जाते. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारें ८० कॅलरी उष्णता लागते. एक ग्रॅम पाण्याची उन्हाळी हवेंत वाफ होण्यास ५७५ च्या आसपास लागते. म्हणजे छागळीनें वाऱ्याला दिलेलें एक ग्रॅम पाणी सात ग्रॅम बर्फाचें काम करूं शकतें. माठ, रांजण आणि सुरई हीं सर्व याच कुळांतील. या कुळाला मात्र एक मर्यादा आहे. हवा ४२ अंशांची आणि तींतील आर्द्रता शेंकडा १५ असेल, तर छागळींतील पाणी सुमारें २२ अंशांच्या खालीं उतरूं शकत नाहीं. आणि कोंकणच्या दमट हवेंत तर तें बाहेरच्या हवेहून थोडेंच गार होतें. माठाचा लौकिक अर्धा त्याच्या मातीचा आणि अर्धा वऱ्हाडच्या कोरड्या वाऱ्याचा आहे.

याहून अधिक गार पाणी हवें असल्यास पदरीं ऐश्वर्य असावें लागे. ‘ऐन-इ-अकबरी’मध्यें अबुल फजलनें बादशाही आबदारखान्याचें वर्णन केलें आहे. अकबराला गंगेचें पाणी इतकें प्रिय होतें कीं, तो घरीं असो वा मोहिमेवर असो, नदीकांठीं नेमलेले विश्वासू सेवक मोहोरबंद भांड्यांतून तें पाणी त्याच्याकडे रवाना करीत. तें थंड करण्यास सोऱ्याचा उपयोग होई. सोरा पाण्यांत विरघळतांना उष्णता शोषून घेतो. ज्या सोऱ्यानें तोफेची दारू पेट घेते त्याच सोऱ्यानें पाणी गार व्हावें, या विरोधाचें कौतुक खुद्द अबुल फजललाही वाटलें आहे. पुढें १५८५-८६ च्या सुमारास दरबार पंजाबांत गेला, तेव्हां उत्तरेकडील डोंगरांतून बर्फही येऊं लागलें. मराठी राज्यव्यवस्थेंतील अठरा कारखान्यांच्या गणनेंतही आबदारखाना आढळतो. अर्थात् राजाच्या पाण्याची व्यवस्था हा राज्यकारभाराचाच एक भाग होता.

दुसऱ्या युक्तीचा, म्हणजे गारवा राखण्याचा, मोठा पराक्रम हिंदुस्थाननें १८३३ सालीं पाहिला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें ‘टस्कनी’ नांवाच्या जहाजांतून सुमारें १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडलें. चार महिन्यांचा प्रवास करून, विषुववृत्त दोनदां ओलांडून जहाज सप्टेंबरांत पोंचलें, तेव्हां त्यांतील सुमारें १०० टन शिल्लक होतें. अमेरिकेचें हें बर्फ पुढें मुंबई व मद्रास येथेंही येऊं लागलें. तें सांठविण्यासाठीं मद्रासेस १८४२ मध्यें बांधलेली इमारत अद्यापि उभी आहे. यांत जादू कसलीही नव्हती. लांकडाचा भुसा, गवत यांसारख्या वस्तूंच्या फटींत हवा अडकून बसते, आणि न हालणाऱ्या हवेंतून उष्णता फार मंद गतीनें जाते. आमच्याकडे बर्फाच्या लादीला पोतें गुंडाळून भुशांत पुरून ठेवतात, त्याचेंही मर्म हेंच. १८९२ मध्यें जेम्स ड्यूअर यांनीं दुहेरी भिंतींमधील हवाच काढून घेतली आणि निर्वात बाटली सिद्ध केली. १९०४ मध्यें जर्मनींत ‘थर्मास’ या नांवानें ती बाजारांत उतरली. पाठीवरच्या पिशवींतील फोम हा पुन्हां भुशाचाच वंशज. त्याच्या असंख्य बुडबुड्यांत हवा अथवा दुसरा एखादा वायु कोंडलेला असतो, इतकेंच.

येथवर हा पात्रांचा इतिहास झाला. आतां माणसांचा पाहूं. आमच्या देशांत वाटसरूला पाणी पाजणें हें पुण्यकर्म मानलें गेलें. चैत्र-वैशाखांत पाणपोया घालाव्या, रांजणांना ओलें फडकें गुंडाळावें, अक्षय्य तृतीयेस भरलेल्या घटाचें दान करावें, ही रीति घरोघर ठाऊक आहे. परंतु हें पुण्य सर्वांपर्यंत पोंचत नव्हतें. १८६७ मध्यें लोहमार्ग नागपुरास पोंचला व मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव हीं गांवें त्या मार्गावर आलीं. १८७० मध्यें जलंबहून खामगांवच्या कापूस-पेठेपर्यंत फांटाही झाला. आगगाडीनें सर्वांना एका डब्यांत बसविलें खरें. पण त्या काळीं देशांतील स्टेशनांवर हिंदु पाणी आणि मुसलमान पाणी वेगळें मिळे, आणि अस्पृश्य गणलेल्या प्रवाशाच्या ओंजळींत तेंही पडेल अशी शाश्वती नसे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनांत १९०१ सालच्या एका प्रवासाची हकीकत दिली आहे. साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनावर उतरलेलीं तीं मुलें वडिलांकडे बैलगाडीनें निघालीं. शिदोरी भरपूर होती. पण जात कळल्यावर वाटेंत त्यांना पिण्यास कोणी पाणी देईना, आणि पाण्यावांचून अन्न गिळवेना. भरल्या डब्यासह तीं उपाशीं निजलीं. त्यानंतर २६ वर्षांनीं, २० मार्च १९२७ रोजीं, त्याच मुलानें महाडच्या चवदार तळ्याचें पाणी सहस्रावधि लोकांसमवेत प्राशन केलें. या हकीकतीचा आमच्या विषयाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध इतकाच कीं, ‘आपलें पाणी आपण घेऊन निघावें’ हा उपदेश आज आम्हांस सोयीचा वाटतो. परंतु कांहीं जण तो सोवळ्यासाठीं पाळीत आले, आणि कित्येकांवर तो सक्तीनें लादला गेला. एकाच छागळीचे हे तीन अर्थ होते. तिसऱ्या अर्थाची छागळ रिकामी झाली तर ती पुन्हां कोठें भरावी, हा प्रश्न कोणत्याही शास्त्रानें सुटणारा नव्हता.

आतां निवडीकडे वळूं. पहिला विचार असा कीं, पिशवी हवीच आहे काय? वैशाखांत एक दिवस शेगांवाहून निघून संध्याकाळीं परतावयाचें असेल आणि नुसतें पिण्याचें पाणी हवें असेल, तर ओलें कापड गुंडाळलेली बाटली अथवा छागळ पुरेशी आहे. दशमी, सातूचें पीठ, लाह्या, चटणी ही जुनी शिदोरीही अशाच बुद्धीनें योजलेली होती. तिला गारव्याची गरजच नव्हती. मात्र बरोबर लहान मुलाचें दूध, दहीं, चिरलेलीं फळें असतील, अथवा मधुमेही माणसाचें इन्सुलिन असेल, तर पिशवी ही चैन राहत नाहीं. न उघडलेलें इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावयाचें असतें व गोठल्यास तें निकामी होतें. म्हणून तें बर्फाला चिकटून ठेवूं नये, मध्यें कापडाची घडी असावी.

पिशवी घ्यावयाचीच ठरल्यास भिंतीची जाडी आधीं पाहावी. जाडी दुप्पट झाली तर भिंतींतून आंत येणारी उष्णता जवळजवळ निम्मी होते. मग झांकण पाहावें, कारण भिंत कितीही जाड असली तरी सैल झांकण तिचें सारें श्रेय घालवितें. थंड हवा जड असते; म्हणून वरून उघडणारी पिशवी बाजूनें उघडणारीपेक्षां गारवा अधिक राखते. आंतलें अस्तर न गळणारें असावें, रंग फिका असावा. बर्फाचा चुरा लवकर वितळतो, मोठा खडा टिकतो. त्याऐवजीं पाण्याची एक बाटलीच गोठवून घेतली तर वितळल्यावर ती पिण्यास उपयोगी पडते. पदार्थ घरींच गार करून भरावे. पिशवी गारवा राखते, उत्पन्न करीत नाहीं, आणि ऊन पदार्थ तींत ठेवला तर त्याची ऊबही ती तितक्याच निष्ठेनें राखील. शेवटीं वजन पाहावें. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझें. लोणारच्या तळाशीं उतरतांना तें हलकें वाटतें, कांठावर परत चढतांना त्याचा खरा भार कळतो. पट्टे रुंद असावे आणि पाठीकडील बाजूस चांगली गादी असावी. पिशवीपर्यंत पोंचणारी आपल्या अंगाची उष्णताही तिनें कमी होते.

हे नियम पाळून घेतलेली पिशवी आपलें काम चोख करील याविषयीं आम्हांस शंका नाहीं. आमची काळजी निराळी आहे. पूर्वीं बादशहाच्या आबदारखान्यांत जो गारवा होता तो आज सामान्य गृहस्थाच्या पाठीवर आला, ही या इतिहासांतील आनंदाची गोष्ट होय. पण प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःचें थंड पाणी आलें कीं रस्त्यावरच्या रांजणाची आठवण राहत नाहीं, आणि ज्यांच्या पाठीवर पिशवीऐवजीं दुसरेंच ओझें असतें त्यांना तोच रांजण हवा असतो. ज्येष्ठांत शेगांवाहून पंढरीची वाट चालणारी दिंडी, कापसाच्या शेतांतून परतणारी मजूर बाई, उन्हांत सडकेवर खडी पसरणारा गडी, यांचें काम अद्यापि पाझरणाऱ्या मडक्यावरच चालतें. म्हणून पिशवी घेतांना एक बाटली अधिक मावेल एवढी घ्यावी, आणि उन्हाळा लागतांच आपल्या आळींतील पाणपोईचा रांजण भरलेला आहे कीं नाहीं तेंही पाहावें. तो रांजण कोणाचें नांव न विचारतां पाणी देतो ना, हें तर अवश्य पाहावें.