दशावतारातील खलपात्रे

आचऱ्यासह मालवण किनाऱ्यावर दशावतारी नाटकाची परंपरा जुनी आहे. कार्तिकापासून देवळांच्या जत्रांत रात्रभर हे नाटक चालते. त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात, म्हणजे आडदशावतारात, गणपती, सरस्वती आणि वेद चोरणारा संकासुर येतात. काळ्या वेषातला, मालवणीत बोलणारा संकासुर लोकांना हसवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. हा खलपुरुष मुळातच विनोदी आहे.

दुसऱ्या भागात, म्हणजे आख्यानात, मात्र राक्षस गंभीर असतो. लिखित संहिता नसल्याने संवाद नट आयत्या वेळी रचतात. म्हणून नायक राजाचा पराक्रम समोरच्या राक्षसाच्या जोरावर ठरतो. प्रतिपक्ष फिका असेल, तर युद्धनृत्य आणि शब्दांची चकमकही फिकी पडते.

सांगलीत १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ करणाऱ्या विष्णुदास भावे यांच्या नाटकांतही राक्षसांचा आरडाओरडा गाजला. १८८० च्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ नाटकाने मात्र राक्षसी थयथयाटाशिवाय प्रेक्षक जिंकले. तात्पर्य, प्रत्येक कथेला गंभीर खलनायक लागत नाही. संघर्षावर उभ्या असलेल्या आख्यानाला तो लागतोच.