महाविद्यालयांचे नंबर : कोणी लावले, कोणासाठी लावले?



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : "नंबर एकचे कॉलेज कोणते?" प्रश्न साधा आहे, आणि तो आईबापांच्या कळकळीतून आलेला असल्यामुळे त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु कोणताही नंबर कोणीतरी लावलेला असतो, काहीतरी मोजून लावलेला असतो आणि कोणाच्या तरी सोयीसाठी लावलेला असतो. या तीन गोष्टी ठाऊक नसताना कोणी त्या नंबरापायी जमीन गहाण टाकतो, तर कोणी "नंबरातले कॉलेज दूर, आणि जवळचे नंबरात नाही" असे म्हणून मुलीला घरीच बसवतो. म्हणून हे नंबर कोठे जन्मले आणि कसे वाढले, याची हकीकत या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणापुढे मांडीत आहे.

हकीकत अमेरिकेत सुरू होते. आपल्याकडे १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, आणि त्यांना जोडलेल्या सर्व महाविद्यालयांच्या मुलांची परीक्षा विद्यापीठच घेऊ लागले. महाविद्यालय कोणतेही असो, पेपर एकच. अमेरिकेत तसे नव्हते. चर्चची मंडळे, धनिक लोक, राज्य सरकारे यांनी जागोजागी महाविद्यालये काढली, आणि ज्याने त्याने आपल्या मुलांना आपलीच पदवी दिली. साहजिकच एका ठिकाणचा बी. ए. आणि दुसऱ्या ठिकाणचा बी. ए. यांत जमीनअस्मानाचा फरक पडू लागला. एम. ए. ला प्रवेश देणाऱ्या मोठ्या विद्यापीठांना प्रश्न पडला की, समोर आलेल्या मुलाची पदवी कितपत खरी मानावी?

त्यांच्या संघटनेने सरकारच्या शिक्षण खात्याला साकडे घातले. खात्यातील उच्च शिक्षणाचे तज्ज्ञ केंड्रिक बॅबकॉक यांनी १९११ साली ३४४ संस्थांची चार वर्गांत विभागणी केली. पहिल्या वर्गातील महाविद्यालयाचा पदवीधर एका वर्षात एम. ए. होऊ शकेल, दुसऱ्यातल्याला थोडा अधिक काळ लागेल, तिसऱ्यातल्याला दोन वर्षे लागतील, अशी ती मांडणी होती. यादी अजून प्रसिद्ध व्हायची होती, तोच तिची प्रत वर्तमानपत्रांच्या हाती लागली. खालच्या वर्गात पडलेल्यांनी असा गदारोळ केला की, राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी १९१३ साली तिचे वाटप थांबविण्याचा हुकूम काढला. त्यांच्यामागून आलेले विल्सन स्वतः एका विद्यापीठाचे प्रमुख राहिलेले होते. त्यांनीही तो हुकूम मागे घेतला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही यादी विद्यार्थ्यासाठी नव्हतीच. विद्यार्थी कोठे चांगला शिकेल, हा तिचा प्रश्न नव्हता. बाहेर पडलेला पदवीधर आम्ही किती किमतीला घ्यावा, हा होता. त्याच सुमारास जेम्स कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने देशातील नामवंत शास्त्रज्ञांची गणती करून ते कोणकोणत्या विद्यापीठांत आहेत, याचा तक्ता १९१० साली छापला. १९२५ साली ओहायो राज्यातील मायामी विद्यापीठाचे प्रमुख रेमंड ह्यूज यांनी प्राध्यापकांना पत्रे धाडून कोणत्या विद्यापीठातला कोणता विभाग बळकट आहे, ते विचारले. ही सगळी विद्वानांची आपापसातील कागदपत्रे होती. सर्वसाधारण पालकाने ती पाहिलीही नसतील.

पालकाच्या हातात नंबर पडला तो १९८३ साली, आणि तो दिला एका साप्ताहिकाने. 'यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट' या नियतकालिकाने तेराशेहून अधिक महाविद्यालयांच्या प्रमुखांना प्रश्नपत्रिका पाठवून उत्तम संस्था कोणत्या, असे विचारले. सुमारे निम्म्यांनी उत्तर दिले. राष्ट्रीय विद्यापीठांत स्टॅनफर्ड पहिले आले. या पहिल्या यादीत मोजमाप असे काहीच नव्हते. होती ती फक्त ऐकीव कीर्ती. आपल्या गावच्या मुख्याध्यापकाला रत्नागिरीपासून गोंदियापर्यंतच्या शाळांत श्रेष्ठ कोण, असे विचारले तर तो बिचारा काय सांगणार? ज्यांची नावे कानावर आली आहेत, तीच सांगणार. परंतु अंक खपला. पुढे हा वार्षिक उपक्रम झाला, आणि टीका टाळण्यासाठी त्यात आकडे आले : प्रवेश परीक्षेतील गुण, अर्ज करणाऱ्यांपैकी किती नाकारले, विद्यार्थ्यामागे खर्च किती, माजी विद्यार्थी देणग्या किती देतात, वर्ग केवढा. प्रत्येकाला वजन ठरले, बेरीज झाली, आणि बेरजेतून नंबर निघाला.

आता या आकड्यांकडे जरा निरखून पाहा. चांगले गुण घेऊन कोण आले, किती जणांना दारातून परत पाठवले, तिजोरीत किती आहे, ही सारी संस्थेला काय मिळाले याची मोजणी आहे. संस्थेने मुलाला काय दिले, याची मोजणी फार थोडी. साठ टक्क्यांचा मुलगा आत घेऊन त्याला पायावर उभा करणाऱ्या महाविद्यालयाला या हिशेबात फारसे काही मिळत नाही. नव्वद टक्क्यांचाच मुलगा घेऊन त्याला नव्वदवर ठेवणारे मात्र वर चढते.

आणि एकदा नियम ठाऊक झाला की नियमाप्रमाणे खेळणारेही निघतात. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांच्या वर्गाला गुण होते. तेव्हा बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाने वर्गाची मर्यादा एकोणीसवर आणून ठेवली. अशा नाना उपायांनी ते १९९६ मधील १६२ व्या क्रमांकावरून २००६ पर्यंत ९८ व्या क्रमांकावर आले. किती अर्ज नाकारले याला वजन होते, तेव्हा ज्यांना घ्यायचेच नाही त्यांच्याकडूनही अर्ज मागविण्याचा मोह संस्थांना होई. नाकारले जाण्यासाठी अर्जाची फी भरणारी ती मुले कोणाच्या तरी घरचीच होती. हा निकष २०१८ साली काढून टाकण्यात आला.

ज्यांनी खेळायचे नाकारले, त्यांचे काय झाले? पोर्टलंड येथील रीड कॉलेज हे लहानसे पण कडक अभ्यासाबद्दल नावाजलेले. त्याने १९९५ साली माहिती देणार नाही, असे कळविले. साप्ताहिकाने अनेक रकान्यांत त्याला किमान गुण लावून शेवटच्या गटात ढकलले. त्या वर्षी कॉलेजात शिक्षक तेच होते, ग्रंथालय तेच होते.

खोटे बोलण्यापर्यंतही मजल गेली. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातील व्यवसाय-शिक्षण शाखेचे अधिष्ठाते मोशे पोराट यांनी वर्षानुवर्षे चुकीची माहिती भरून आपला दूरस्थ एम. बी. ए. वर्ग देशात पहिला आणला. न्यायालयाने २०२२ साली त्यांना चौदा महिन्यांची कैद सुनावली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्याच विद्यापीठाने दिलेले आकडे तपासून पाहिले. विद्यापीठाच्या म्हणण्याप्रमाणे ८२.५ टक्के वर्ग वीसपेक्षा लहान होते. फेरतपासणीत विद्यापीठाला सुमारे ५७ टक्के हा आकडा द्यावा लागला, आणि दुसऱ्या क्रमांकावरचे कोलंबिया एकदम अठराव्यावर आले. आम्ही मास्तर मंडळी नंबर लावण्यात तरबेज, पण निदान पेपर आम्ही तपासतो. येथे विद्यार्थ्यानेच आपला पेपर तपासून गुण कळवावेत आणि बाईंनी ते पाटावर लिहावेत, असा प्रकार होता!

सर्वांत बोलके उदाहरण येल विद्यापीठाच्या विधी शाखेचे आहे. १९९० पासून ती दरवर्षी पहिली होती. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये तिने या यादीतून अंग काढून घेतले, आणि त्याच दिवशी हार्वर्डनेही. येलची तक्रार अशी की, गरिबांचे खटले चालविण्यासाठी शिष्यवृत्तीवर काम करणाऱ्या पदवीधराला ही यादी जवळजवळ बेकार समजते. शिवाय ती गरजूंना मदत देण्यापेक्षा प्रवेश परीक्षेत अधिक गुण असलेल्यांवर पैसा खर्च करायला लावते. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, साप्ताहिकाने महाविद्यालयांच्या यादीतून वर्गाचा आकार, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या हे निकष वगळले आणि गरीब मुले पदवीपर्यंत पोहोचतात की नाही, याचे वजन वाढविले. अनेक सरकारी विद्यापीठे एका रात्रीत वर चढली. शिकविणे तेच, इमारती त्याच. बदलला तो फक्त प्रश्न.

दरम्यान नंबरांचे वेड जगभर पसरले होते. चीनने १९९८ पासून आपल्या निवडक विद्यापीठांना जागतिक दर्जाला नेण्याची योजना आखली. आपण किती मागे आहोत, हे मोजण्यासाठी शांघायच्या च्याओ थुंग विद्यापीठाने २००३ साली जगातील विद्यापीठांची यादी केली. पुढे तिच्यात शंभरातले तीस गुण माजी विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी मिळविलेल्या नोबेल आणि तत्सम पदकांना होते. वर्गात शिकवितात कसे, याला एकही गुण नाही. सरकारला आपली शर्यत मोजायची असेल तर हे ठीक. पण अठरा वर्षांच्या मुलाने या यादीतून काय घ्यावे?

आपल्या देशाची सरकारी यादी २०१५ साली ठरली व २०१६ पासून निघू लागली. तिला एनआयआरएफ म्हणतात. विद्यापीठांसाठी तिच्यात अध्यापन व साधने यांना ३०, संशोधनाला ३०, पदवीच्या फलिताला २०, समावेशकतेला १० आणि लौकिकाला १० गुण आहेत. महाविद्यालयांसाठी अध्यापनाचे वजन अधिक धरले आहे. साप्ताहिकाच्या यादीपेक्षा ही अधिक विचाराने केलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. स्त्रिया आणि आर्थिक-सामाजिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थी यांची गणती ती करते. परंतु त्याच समावेशकतेच्या सदरात दुसऱ्या राज्यांतून व परदेशांतून आलेल्या मुलांनाही गुण आहेत. म्हणजे दिल्लीच्या महाविद्यालयाला ते आपसूक मिळतात, आणि तालुक्याच्या गावी चार कोसांवरून एस. टी. ने येणाऱ्या मुलामुलींना शिकविणाऱ्या महाविद्यालयाला ते मिळणे कठीण. आपल्याच तालुक्याची सेवा करणे ही त्याची उणीव ठरते! देशात पंचेचाळीस हजारांच्या घरात महाविद्यालये आहेत. २०२४ च्या यादीसाठी त्यांतील जेमतेम तीन-साडेतीन हजारांनी माहिती भरली. नंबर नाही याचा अर्थ महाविद्यालय वाईट, असा काढता येत नाही. बहुतेकांनी अर्जच केलेला नसतो.

आपल्या समाजाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे जामिया मिल्लिया इस्लामिया २०२२ ते २०२४ अशी तीन वर्षे देशातील विद्यापीठांत तिसरी होती. अभिमान अवश्य बाळगावा. पण या संस्थेचा इतिहासही मुलांना सांगावा. १९२० साली अलीगढला तंबूंत सुरू झालेली जामिया १९२५ मध्ये दिल्लीत आली. तिचे आधारस्तंभ हकीम अजमल खान १९२७ च्या अखेरीस वारले, आणि संस्था बंद पडते की काय, अशी वेळ आली. तेव्हा डॉ. झाकिर हुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिज्ञा केली की, वीस वर्षे येथेच शिकवू आणि महिना दीडशे रुपयांहून अधिक पगार घेणार नाही. तो पगारही वेळेवर मिळेल, याची शाश्वती नव्हती. त्या वर्षी आजचे निकष लावले असते तर खर्च, साधने, लौकिक या सर्व रकान्यांत जामिया तळाला गेली असती. त्या प्रतिज्ञेसाठी कोणत्याच तक्त्यात रकाना नाही. शांघायच्याही नाही, आपल्याही नाही.

आपल्यापुढचा प्रश्न नंबर एक आणि नंबर दहा यांतील फरकाचा मुळी नाहीच. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीप्रमाणे उच्च शिक्षण घेणाऱ्या ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांत मुसलमान सुमारे २१ लाख, म्हणजे शंभरात पाचही नाहीत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतील आपला वाटा १४.२ टक्के होता. आपली बहुसंख्य मुले महाविद्यालयाच्या दारापर्यंतच पोहोचत नाहीत. ज्या घरातली पहिलीच मुलगी एफ. वाय. ला जाणार आहे, त्या घराने विचारायचे ते निराळे : संध्याकाळची शेवटची एस. टी. किती वाजता, मुलींचे वसतिगृह आहे का, फी किती आणि ती परत मिळते का, पहिल्या वर्षाला बसलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षी पास होऊन किती निघतात.

गंमत अशी की, यांतील काही प्रश्नांची उत्तरे त्या सरकारी यादीच्याच पोटात आहेत. एनआयआरएफला माहिती देणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने ती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवली पाहिजे, असा नियम आहे. नंबर बाजूला ठेवून तो तक्ता उघडावा. त्यात पहिल्या वर्षी प्रवेश किती, ठरलेल्या मुदतीत पदवी घेऊन बाहेर किती, मुली किती, सरकारकडून पूर्ण फी परत मिळालेले किती आणि संस्थेने स्वतःच्या निधीतून फी माफ केलेले किती, हे रकाने आहेत. नोकरी लागलेल्यांचा मध्यम पगारही असतो. मात्र तो फक्त नोकरी लागलेल्यांचा आहे, म्हणून आधी नोकरी किती जणांना लागली तो आकडा वाचावा. हे आकडे महाविद्यालयाने स्वतः भरलेले असतात. कोलंबियाची गोष्ट आठवून कार्यालयात एकदा, आणि तेथे शिकत असलेल्या एखाद्या मुलीला एकदा, विचारून घ्यावे. तक्ता इंग्रजीत असतो. घरात वाचणारे कोणी नसेल तर आपल्या शाळेतील नववी-दहावीची मुले तो वाचून दाखवू शकतात.