बालकाचे वय आणि समाजाचा दंड : एक ऐतिहासिक विचार

एखाद्या अल्पवयीन मुलाच्या हातून खून किंवा बलात्कारासारखे घोर कृत्य घडले, की समाजमन दुभंगते. ज्याला दया दाखवावी असे वय आणि ज्याला शासन करावे असे कृत्य, ही दोन्ही एकाच देहात एकत्र आलेली असतात. अशा वेळी एक पक्ष म्हणतो की, कृत्य प्रौढाचे असेल तर दंडही प्रौढाचाच असावा. दुसरा पक्ष म्हणतो की, मूल ते मूलच. हा वाद आपल्याकडे नवा समजला जातो. वस्तुतः तो फार जुना आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा इतिहास थोडक्यात मांडून, महाराष्ट्रात घडलेल्या दोन प्रकरणांच्या आधारे काही निष्कर्ष वाचकांपुढे ठेवणार आहोत.

वयाची मर्यादा कशासाठी घालावयाची, याचा एक अत्यंत प्राचीन विचार विनयपिटकाच्या महावग्गात आढळतो. राजगृहातील उपालि नावाच्या मुलाच्या आईवडिलांना प्रश्न पडला की, आपल्या पश्चात हा सुखाने कसा जगेल? लेखन शिकला तर बोटे दुखतील, गणित शिकला तर छाती दुखेल, नाणी पारखण्याचे काम शिकला तर डोळे दुखतील. त्यापेक्षा भिक्खुसंघात जावे हे बरे. उपालि आपल्या सोळा सवंगड्यांसह संघात आला. पहाटे ही सतरा मुले भुकेने रडून यागू मागू लागली. तो आवाज ऐकून तथागतांनी चौकशी केली आणि वीस वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये, असा नियम घालून दिला. यामागील कारण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. थंडी, ऊन, भूक, तहान, इतरांचे कठोर बोल आणि शरीराच्या वेदना सोसण्याची शक्ती त्या वयात आलेली नसते, असे तेथे म्हटले आहे. अर्थात वयाची रेषा ही कृपा म्हणून नव्हे, तर मनुष्याच्या सामर्थ्याचे निरीक्षण करून आखली गेली. इतकेच नव्हे, तर वय कसे मोजावे हा प्रश्नही पुढे उपस्थित झाला, आणि गर्भातील काळ धरून वीस वर्षे मोजण्याची मुभा देण्यात आली. वय ठरविण्यात शंका असेल तर तिचा लाभ त्या व्यक्तीस मिळावा, ही दृष्टी यात दिसते.

हिंसेच्या प्रश्नाला थेट भिडणारी कथा अर्थातच अंगुलिमालाची आहे. मज्झिमनिकायातील सुत्तात तो गावेच्या गावे उजाड करणारा चोर म्हणून येतो. अट्ठकथेत मात्र त्याचे पूर्ववृत्त दिले आहे. तो तक्षशिलेत शिकणारा अहिंसक नावाचा हुशार विद्यार्थी. सहाध्यायांनी मत्सराने गुरूचे कान भरले आणि गुरूनेच त्याच्याकडे हजार बोटांची दक्षिणा मागितली. अट्ठकथाकारांनी ही भर का घातली असावी? आमच्या मते, तरुण हातांनी घडलेल्या हिंसेमागे एखादा प्रौढ उभा असतो का, हे तपासल्याशिवाय न्याय पुरा होत नाही, ही जाणीव त्यामागे आहे.

या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. भिक्खू झाल्यावरही अंगुलिमालाला श्रावस्तीत भिक्षेच्या वेळी दगड आणि काठ्या लागल्या; डोके फुटून, रक्तबंबाळ होऊन तो परतला. तथागतांनी लोकांना दोष दिला नाही. हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, ते सहन कर, असे त्यालाच सांगितले. शिवाय महावग्गात असे आले आहे की, लोकांनी तक्रार केल्यावर यापुढे कुख्यात चोरास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. म्हणजे ज्याचा पालट झाला त्याला संघाने टाकले नाही. पण समाजाचे भय आणि दुःख हेही खोटे मानले नाही. करुणा आणि जबाबदारी या दोहोंचा असा मेळ घालणे हेच खरे अवघड काम आहे.

राज्यकारभारातही हा विचार उतरला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या जन्मनक्षत्री व पौर्णिमेस बाल, वृद्ध, रोगी आणि अनाथ बंदिवानांना मुक्त करण्याची तरतूद आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या शिलालेखात धर्ममहामात्रांनी बंदिवानांची विचारपूस करावी, त्यांच्यावर मुले अवलंबून आहेत काय हे पाहावे, असे सांगितले आहे. आणि चौथ्या स्तंभलेखात देहांताची शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली आहे, जेणेकरून त्यांच्या नातलगांना फेरविचाराची विनंती करता यावी. अशोकाच्या लेखांचे अवशेष आपल्याच कोकणपट्टीत, सोपारा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडले, याची येथे आठवण करून देणे योग्य होईल. पुढे नागार्जुनाने आपल्या रत्नावलीत राजाला उपदेश केला की, दंड द्यावयाचा तो द्वेषाने नव्हे, तर बाप वाट चुकलेल्या मुलाला सुधारण्यासाठी देतो त्या बुद्धीने द्यावा.

मधल्या काळात आपल्या गावगाड्यात वेगळी रीत होती. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या मुलखात गावऱ्हाटीचा अंमल असे. देवाला गाऱ्हाणे घालणे, कौल लावणे, मानकऱ्यांनी निवाडा करणे ही त्याची अंगे. या व्यवस्थेत तंटे गावातच मिटत, हे खरे. पण तिचे सर्वांत कठोर हत्यार वाळीत टाकणे हे होते आणि ते गुन्हेगारापेक्षा त्याच्या घरावर चालत असे. पाण्याचा, वाटेचा आणि मानाचा अधिकार ज्यांना मुळातच नव्हता, त्या आमच्या पूर्वजांना या हत्याराची धार पुरेपूर ठाऊक आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला, तेव्हा ही प्रथा इतिहासजमा झालेली नव्हती, हेच सिद्ध झाले.

इंग्रजी अमलात मुलांसाठी वेगळा विचार हळूहळू सुरू झाला. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून सुधारशाळा उभी राहिली. १८६० च्या भारतीय दंड संहितेने सात वर्षांखालील बालकाचे कृत्य गुन्हा मानले नाही, आणि सात ते बारा या वयात समज पुरेशी होती काय हे पाहावयास सांगितले. हीच रेषा आजच्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. १८७६ व १८९७ चे सुधारशाळांचे कायदे, मग १९२४ चा मुंबई बालक अधिनियम, १९२७ मध्ये मुंबईत स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी, १९२९ चा बोर्स्टल शाळांचा कायदा, असा हा क्रम आहे. मालवण त्या वेळी इंग्रजी रत्नागिरी जिल्ह्यात, तर सावंतवाडी संस्थानात होती. कायद्याची सीमा अशी गावांमधून जात होती. संपूर्ण देशासाठी एकच बाल न्याय अधिनियम १९८६ मध्ये आला. त्यानुसार सोळा वर्षांखालील मुलगा व अठरा वर्षांखालील मुलगी यांना फाशी वा तुरुंगवास देता येत नव्हता.

कायदा असणे आणि तो लागू होणे यांतील अंतर किती भयानक असू शकते, हे पुण्यातील प्रकरणाने दाखविले. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात एकाच घरात पाच स्त्रिया व दोन मुले अशा सात जणांची हत्या झाली. त्यांतील एक स्त्री गरोदर होती. या क्रौर्याने सारा महाराष्ट्र हादरला. तीन आरोपींपैकी एक माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या दोघांपैकी एक राजस्थानातून पुण्यात कामासाठी आलेला मुलगा होता. त्याला प्रौढ समजून खटला चालला. त्याचे खरे वय किती, हे कोणी विचारले नाही. अखेर वयाचा दावा दाखल झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुण्याच्या न्यायाधीशांकडून चौकशी करविली. आणि २७ मार्च २०२३ रोजी, गावातील शाळेच्या नोंदीच्या आधारे, घटनेच्या वेळी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने होते, असा निर्णय देऊन त्याची सुटका केली. तोवर त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता आणि त्यातील बहुतेक काळ फाशीच्या छायेत.

येथे कोणी म्हणेल, सात जीव गेले त्याचे काय? हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळणे हा त्या मृतांचा अपमान होईल. परंतु त्याचे उत्तर बारा वर्षांच्या मुलाला फाशी हे असू शकत नाही; तसे उत्तर १९९४ च्या कायद्यालाही मान्य नव्हते. त्या मुलाची विशेष गृहात रवानगी झाली असती, त्याला शिक्षण व शिस्त मिळाली असती, आणि त्याला कामाला जुंपणाऱ्यांची व गुन्ह्यात ओढणाऱ्यांची चौकशी झाली असती, तर तो दंड ठरला नसता काय? अशोकाच्या तीन दिवसांच्या मुदतीत नातलगांनी यावे अशी अपेक्षा होती. या मुलासाठी मात्र शाळेच्या नोंदवहीतील एक ओळ पुढे यावयास दोन तपांहून अधिक काळ लागला.

दरम्यान कायदाही बदलत गेला. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला; २००० च्या अधिनियमाने मुलगे व मुली दोघांसाठी अठरा वर्षे ही मर्यादा केली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारातील एक आरोपी अल्पवयीन होता. त्यातून उसळलेल्या संतापाचा परिणाम म्हणून २०१५ च्या अधिनियमात, सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने घोर अपराध केल्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाने त्याची शारीरिक व मानसिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन करावे आणि आवश्यक वाटल्यास त्याला प्रौढाप्रमाणे खटल्यास पाठवावे, अशी तरतूद आली. तरीही फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप अशा मुलास देता येत नाही, आणि एकविसाव्या वर्षी त्याच्यात पालट झाला आहे काय हे न्यायालयाने पाहावयाचे असते.

पुढे १९ मे २०२४ रोजी त्याच पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. अपघात आणि हेतुपुरस्सर हत्या एक नव्हेत, हे मान्य करूनही या दोन प्रकरणांची तुलना अटळ आहे. दुसऱ्या मुलाचे वय पहिल्याच दिवशी सर्वांना ठाऊक होते. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींत अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला आणि त्यात प्रौढांना अटक झाली. लोकांचा संताप पाहून पोलिसांनी त्या मुलाला प्रौढ मानण्याची मागणी केली. जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने ती फेटाळली. आमच्या मते लोकांचा राग मुलाच्या वयावर नव्हता, तर एकाला जे संरक्षण लगोलग मिळते ते दुसऱ्याला अठ्ठावीस वर्षे मिळत नाही, या विषमतेवर होता. त्यावर उपाय संरक्षण काढून घेणे हा नव्हे. ते शेवटच्या मुलापर्यंत नेणे हा आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार देशात बालकांविरुद्ध सुमारे साडेतीस हजार गुन्हे नोंदले गेले. एकूण नोंदलेल्या अठ्ठावन्न लाख गुन्ह्यांत हे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे. म्हणजे मुलांच्या गुन्ह्यांनी समाज बुडत चालला आहे, हे म्हणणे टिकत नाही. परंतु जे थोडे आहेत त्यांच्याकडे नीट लक्ष देणे आपल्याला शक्य आहे, हेही त्यातून निघते.

सिंधुदुर्गातील वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या बंदरांत मच्छीमार नौकांवर परप्रांतांतून आणि नेपाळातून आलेले खलाशी काम करतात. त्यांतील कोवळ्या पोरांच्या जन्मतारखेचा कागद कोणाजवळ असतो? उद्या अशा एखाद्या पोराच्या हातून काही विपरीत घडले, तर त्याचे वय विचारणारा पहिला माणूस कोण असेल? तांडेल, नौकामालक, पोलीस पाटील, शाळामास्तर, विहारातील कार्यकर्ते, यांपैकी कोणीतरी तो असला पाहिजे. आरोपी सापडताच शाळेची नोंद शोधणे, मुलाला प्रौढ कैद्यांत ठेवू न देणे, मंडळापुढे त्याच्याबरोबर उभे राहणे, ही कामे कायदा जाणणाऱ्या दोन माणसांनाही करता येतील. त्याच वेळी ज्या घरातील माणूस गेला, त्या घरी जाऊन त्यांच्या चरितार्थाची व मुलांच्या शिक्षणाची विचारपूस करणे, हे तितकेच मोठे कर्तव्य आहे. ते न करता केवळ आरोपीविषयी करुणा बोलणाऱ्यांचे कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

शिक्षा भोगून परतलेल्या मुलाला गावाने पुन्हा जागा द्यावी, ही शेवटची आणि सर्वांत कठीण गोष्ट होय. कायदा त्याच्या दोषसिद्धीचा डाग सामान्यतः पुसतो. गाव तो पुसतो काय? श्रावस्तीच्या लोकांनी दगड मारले, तरी अंगुलिमालाच्या पात्रात कोणीतरी भिक्षा घातलीच असली पाहिजे. अन्यथा तो जगला नसता. त्या भिक्षा घालणाऱ्यांची नावे सुत्तात नाहीत. परंतु दंडाने जे साधले नाही ते टिकून राहिले, ते त्यांच्यामुळे. आपल्या गावात त्या अनाम माणसांची जागा भरावयास आपण तयार आहोत काय, याचा विचार प्रत्येक वाचकाने करावा, एवढीच आमची विनंती आहे.