लघुपटाची वाट

चित्रपटाचा इतिहास लिहिणारे बहुधा तो कोणी काढिला हें सांगून थांबतात. तो प्रेक्षकांपर्यंत कोणत्या वाटेनें पोंचला, याची विचारपूस फारशी होत नाहीं. लघुपटाचें भवितव्य तर या वाटेवरच अवलंबून राहिलें, असें आम्हांस वाटतें.

आरंभीं सारेच चित्रपट लघु होते. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं जीं सहा चित्रें दाखविलीं गेलीं, तीं प्रत्येकीं मिनिटभराचींही नव्हतीं. तरी लोकांनीं रुपया मोजला. १८९९ सालीं सावेदादा भाटवडेकर यांनीं हँगिंग गार्डनवरील कुस्ती टिपली, आणि १९०१ सालीं केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचें स्वागतही. त्या काळीं फीत ही विकत घेऊन झिजेपर्यंत फिरवावयाची वस्तु होती. १९०७ सालीं फ्रान्सच्या पाथे कंपनीनें विक्री थांबवून भाड्याची पद्धत सुरू केली. पुढें लांब कथापट आले आणि आखूड चित्रास स्वतंत्र तिकीट उरलें नाहीं. पानाच्या कडेस वाढलेल्या कोशिंबिरीची कळा त्यास आली. दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र'पूर्वीं वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली खरी, पण तिचा उपयोग झाला तो कर्ज मिळविण्यास!

ही वाट अखेर सरकारनें सक्तीनें मोकळी केली. महायुद्धांत, १९४३ सालीं, प्रत्येक चित्रपटगृहानें सरकारमान्य बोधपट दाखविलेच पाहिजेत असा नियम झाला. परक्या सत्तेच्या प्रचाराचें तें साधन, म्हणून 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' ही संस्था १९४६ सालीं मोडण्यांत आली. त्याची किंमत लवकरच कळली. १४-१५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीं सत्तांतर होत असतां तें चित्रित करावयास सरकारजवळ स्वतःचें पथकच नव्हतें. तो प्रसंग टिकला तो खाजगी व परदेशी छायाचित्रकारांमुळें.

१९४८ सालीं फिल्म्स डिव्हिजन निघाली आणि सक्ती परत आली. ही अट चित्रपटगृहाच्या परवान्यांतच घातलेली; शिवाय भाडें म्हणून उत्पन्नाचा शेंकडा एक भाग चित्रपटगृहानेंच द्यावयाचा. ज्याच्यावर लादलें, त्याच्याकडूनच पैसेही! आमच्या विद्यार्थिदशेंत वृत्तपट संपेपर्यंत बाहेर चहा पीत उभे राहणारे प्रेक्षक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. धरणें, खतें, उद्घाटनें यांच्या त्या रांगेंतच १९६७ सालीं एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय ॲम ट्वेंटी' आला. १९४७ सालीं जन्मलेल्या तरुणतरुणींना देशाविषयीं मोकळेपणें बोलूं देणारा हा लघुपट सरकारी पैशानें निघाला, हें विशेष. पुढच्याच वर्षीं प्रमोद पति यांचा 'एक्स्प्लोरर' त्याच संस्थेंतून निघाला. सक्तीनें प्रेक्षकांची रुचि विटली हें आम्हांस मान्य आहे. पण बाजाराच्या भरंवशावर हे दोन लघुपट निर्माण तरी झाले असते काय, याची आम्हांस शंकाच आहे.

१९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही सक्ती वैध ठरविली. मार्च २०२२ मध्यें फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली. शास्त्रींचा तो लघुपट आतां इंटरनेटवर घरबसल्या फुकट पाहतां येतो. मात्र त्याचें नांव आधीं ठाऊक असावें लागतें.