सामुदायिक गायनाचा आनंद

ज्यास गळा थोडा व हौस फार, अशा मनुष्यानें एकट्यानें गाऊं लागावें तर घरचींच माणसें उठून जातात. आम्ही त्याच वर्गांतले. परंतु नाताळच्या मध्यरात्रीं गायनमंडळाच्या मागच्या ओळींत उभे राहिलों म्हणजे आमचाच गळा आम्हांस धीट वाटूं लागतो. आमचा श्वास संपतो तेथें शेजाऱ्याचा स्वर चालूच असतो. दम घेऊन आम्ही पुन्हां त्यांत मिळतों, आणि मध्यें खंड पडल्याचें ऐकणारास कळतहि नाहीं. हा आनंद आम्हांसारख्या सामान्यांच्या वांट्यास कसा आला, ती कथा ज्युबिलीच्या निमित्तानें सांगावी असें मनांत आलें.

अकराव्या शतकापूर्वीं ख्रिस्तमंदिरांतील गायन बहुतेक पाठांतरावर चाले. शब्दांवर खुणा करीत, पण स्वर नेमका किती चढवावा हें त्यांवरून उमगत नसे. गुरूच्या तोंडून ऐकावें आणि घोकावें. इटलींत पोंपोझाच्या मठांत ग्वीदो नांवाचा साधु होता. रेघांवर स्वर मांडण्याची रीत त्यानें नीट बसविली. त्यामुळें मठबंधूंस त्याचा हेवा वाटूं लागला, व १०२५ च्या सुमारास तो आरेत्सो नगरीं गेला. (गायकांतील हेवा पुढें संपला असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं.) संत योहान बाप्तिस्त ह्यांच्या एका लॅटिन स्तोत्राची चाल अशी आहे कीं तिच्या पहिल्या सहा खंडांपैकीं प्रत्येक खंड मागच्याहून वरच्या स्वरावर सुरू होतो. त्या खंडांचीं आद्याक्षरें ग्वीदोनें उचललीं: उत्, रे, मी, फा, सोल, ला. पुढें ‘उत्’ चा ‘दो’ झाला, व सातवा स्वर मागाहून मिळाला. दहा वर्षांची विद्या एका, फार तर दोन वर्षांत येते, असें तो लिहितो. पोप एकोणिसावे जॉन ह्यांनीं त्यास रोमेस बोलाविलें, आणि पूर्वीं न ऐकलेला एक चरण त्याच्या पुस्तकावरून स्वतः गाऊन पाहिला.

पोर्तुगीज पाद्री हीच विद्या गोव्यांत घेऊन आले. तेथील धर्मग्रामांच्या शाळांत धर्मशिक्षणाबरोबर स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. खेड्यांतला पोरहि कागद पाहून गाऊं लागला. त्या परंपरेंतले वादक विसाव्या शतकांत मुंबईच्या बोलपटांच्या वाद्यवृंदांत नांवाजले. मराठीपुरतें पाहिलें तर १६१६ सालीं छापलेल्या फादर स्टीफन्स ह्यांच्या ख्रिस्तपुराणाच्या ओव्या लोक जमून म्हणत. तेथें कागदाहून कानच मोठा.

ह्या कथेस एक उणी बाजू आहे. ती ज्युबिलीच्या अंकांतहि झांकूं नये. संत सिसिलियाच्या सणादिवशीं, २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, पोप दहावे पायस ह्यांनीं आज्ञापत्र काढलें. ग्रेगोरियन गायन पुन्हां लोकांच्या मुखीं यावें असा त्यांत आग्रह होता. परंतु वृंदांतील गायकाचें काम धर्मविधीचें पद मानलें असल्यानें स्त्रियांस तेथें घेऊं नये, उंच स्वर मुलग्यांनीं गावे, असेंहि त्यांतच होतें. लोक गाणार, आणि त्यांतील अर्ध्यांस वृंदाचें दार बंद! १९५५ सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं ती अट शिथिल केली. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें उपासनेंत लोकभाषेस वाट दिली, व १९६७ च्या सूचनापत्रानें वृंदांतील स्त्रियांचें स्थान स्पष्ट केलें.

एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकदमच वाढतात व मंदावतात, कारण गाणें सर्वांच्या श्वासास एकच ताल लावतें, असें स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. तालमीस उशिरां येणाऱ्यांचे ठोके त्यांनीं कसे मोजले असते, कोण जाणे.

गेल्या नाताळांत आमच्या पुढच्या ओळींत आजी, सून व नात अशा तिघी शेजारीं उभ्या होत्या. आजीबाईंच्या मातोश्री तरुणपणीं खालीं बाकावर बसून मनांतल्या मनांत गात, असें त्या सांगतात. आजीबाईंच्या हातांत जुनी वही होती. शेवटच्या कडव्यास त्यांचा स्वर कांपला, तेव्हां नातीनें आपला उंच केला.