डोबरायनरची काळी पूड

दहावीत 'डोबरायनरची त्रिके' घोकली होती, आठवतंय? त्या दोन मार्कांपलीकडे हा माणूस कोण होता, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

योहान डोबरायनर म्हणजे जर्मनीतल्या एका गाडीवानाचा मुलगा. औषधांच्या दुकानात उमेदवारी करत शिकला आणि १८१० मध्ये थेट येना विद्यापीठात प्रोफेसर झाला. १८२० मध्ये एडमंड डेव्हीने प्लॅटिनमची एक काळी पूड बनवली होती. तिला अल्कोहोल लागलं की ती आपोआप तापून लाल व्हायची. पुढच्या वर्षी डोबरायनरने यात नक्की काय घडतं ते शोधलं. हवेतला ऑक्सिजन घेऊन अल्कोहोलचं अ‍ॅसेटिक आम्ल होतं, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलं आम्ल, आणि सोबत पाणी. आणि प्लॅटिनम? जसंच्या तसं! तीच पूड परत वापरा. एखाद्या फंक्शनसारखं, हवं तितक्या वेळा कॉल करा.

या प्रकाराला 'कॅटॅलिसिस' हे नाव बर्झेलियसने दिलं ते १८३५ मध्ये. म्हणजे नावाआधी चौदा वर्षं गोष्ट हजर होती. १८२३ मध्ये डोबरायनरने प्लॅटिनमवर हायड्रोजन सोडून पेटणारा लायटर बनवला. तो धडाधड खपला, पण पठ्ठ्याने पेटंट घेतलं नाही.

आता आपल्या लॅबमधलं डायक्रोमेट आठवा. तेही अल्कोहोलचं आम्ल करतं, पण स्वतः खर्च होऊन, नारिंगीचं हिरवं होऊन. मागे उरतो क्रोमियमचा कचरा. डोबरायनरच्या पद्धतीत उरतं फक्त पाणी. म्हणूनच पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या धातूंवर आजही संशोधन चालू आहे. दोनशे वर्षांनंतरही आपण त्याच पुडीमागे आहोत!