साखरेंत मुरलेली साल

फळाचा गर खावा आणि साल टाकून द्यावी, हा जगाचा साधारण रिवाज आहे. महाळुंग, नारिंग, ईडलिंबू यांसारख्या फळांच्या बाबतींत मात्र पाकशास्त्रानें हा रिवाज उलटा केला. महाळुंगाचा गर थोडा आणि आंबट. त्याचा खरा सुगंध सांठलेला असतो तो जाड सालीवरच्या तेलाच्या बारीक पिशव्यांत. ती साल उकडून, साखरेच्या पाकांत दिवसेंदिवस मुरवून व वाळवून ठेवावयाची, आणि नाताळच्या सुमारास केक-पुडिंगांत घालावयाची, ही चाल युरोपांतील अनेक घरीं अजून आहे. वरवर पाहतां ही गृहिणीची काटकसर दिसते. पण सालीच्या त्या एका फोडीमागें दोन हजार वर्षांचा व्यापार, वैद्यक आणि लक्षावधि माणसांचे हाल उभे आहेत.

महाळुंगाचें मूळ स्थान भारताच्या ईशान्येकडील व त्याला लागून असलेला डोंगराळ प्रदेश होय. संस्कृतांत त्याला मातुलुंग म्हणतात. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या एका हातांत हेंच फळ आहे. आयुर्वेदांत त्याच्या सालीचे गुण गराहून निराळे सांगितले आहेत. साल कडू व पचावयास जड, परंतु कफ आणि वात यांस हटविणारी, असें सुश्रुतसंहितेंत म्हटलें आहे. हें फळ इराणमार्गें पश्चिमेस गेलें. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टस यानें त्याचें वर्णन केलें आहे. त्याच्या काळीं तें कोणी खात नसे. कपड्यांना कसर लागूं नये म्हणून पेटींत ठेवीत. म्हणजे साल होती, सुगंध होता. उणीव होती ती साखरेची.

साखरही भारतांतूनच गेली. उसाच्या रसाचे दाणेदार खडे करण्याची विद्या येथें इतकी प्रसिद्ध होती कीं, इ. स. ६४७ मध्यें चीनच्या तांग सम्राटानें ती शिकून येण्यासाठीं मगधांत माणसें पाठविलीं. संस्कृत ‘शर्करा’ अरबींत ‘सुक्कर’ झाली व पुढें इंग्रजींत ‘शुगर’. ‘खंड’ हा शब्द फारशींत ‘कंद’ झाला, आणि त्याच वाटेनें युरोपांत ‘कँडी’ म्हणून पोंचला. ‘नारंग’ हा अरबींत ‘नारंज’ आणि स्पॅनिशमध्यें ‘नारांहा’ झाला. आपला ‘मुरंबा’ मात्र उलट दिशेनें आला. तो मूळचा अरबी ‘मुरब्बा’. वस्तु आणि शब्द अशा एकाच तांड्यांतून प्रवास करीत होत्या.

अरबांनीं ऊस, कडू नारिंग व लिंबू हीं दहाव्या शतकाच्या सुमारास सिसिली व स्पेन येथें रुजविलीं, आणि साल व साखर यांची गांठ भूमध्य समुद्राच्या कांठीं पक्की झाली. तरीही युरोपांत साखर फार महाग होती. ती किराण्याच्या दुकानीं नव्हे, तर औषधें विकणाऱ्याकडे मिळे. पाकांतील साल जेवणानंतर पचनासाठीं श्रीमंतांच्या पानावर येई. इ. स. १५५५ मध्यें फ्रान्समध्यें निघालेल्या अशा पाकांच्या एका पुस्तकांत नारिंगाची साल मुरविण्याची कृति आहे. त्याचा कर्ता वैद्य होता. पुढें भविष्यवेत्ता म्हणून गाजलेला नॉस्त्रदामस तो हाच.

साखर स्वस्त कशी झाली, हा या कथेंतील दुःखद भाग. पंधराव्या शतकांत पोर्तुगीजांनीं अटलांटिकमधील मादेरा बेटावर ऊस लावला व मजुरीसाठीं गुलाम आणले. हीच पद्धत पुढें ब्राझील व वेस्ट इंडीज बेटांत पसरली. ऊस तोडल्यावर लगेच गाळावा लागतो. म्हणून हंगामांत चरक रात्रंदिवस फिरत. झोपेनें डोळा लागलेल्या मजुराचा हात चरकांत सांपडला, तर तो तोडण्यासाठीं जवळच कुऱ्हाड ठेवलेली असे. युरोपांतील भोजनाच्या मेजावर चकाकणाऱ्या सालीची गोडी या किंमतीनें आली होती.

या अन्यायाविरुद्ध एक मोठा निषेध स्वयंपाकघरांतून उठला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. इ. स. १७९१ मध्यें वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य करावी असें सांगणारें विल्यम फॉक्स याचें पत्रक इंग्लंडांत निघालें, आणि सुमारें तीन लक्ष लोकांनीं ती सोडल्याचें थॉमस क्लार्कसन यानें नमूद केलें आहे. ज्या स्त्रियांना मत देण्याचा अधिकार नव्हता, त्यांना साखरेचें भांडें रिकामें ठेवण्याचा अधिकार होता. तो त्यांनीं बजावला. गुलामांचा व्यापार १८०७ मध्यें बंद झाला, व ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी मोडणारा कायदा १८३३ मध्यें झाला.

परंतु उसाला मजूर हवेच होते. १८३४ पासून भारतांतून करारबद्ध मजूर मॉरिशसला जाऊं लागले. मुंबई बंदरांतून गेलेल्यांत कोंकणांतील व आसपासचीं मराठी कुटुंबें होतीं. त्यांचे वंशज आजही तेथें आहेत. तेव्हां ही कथा परक्यांची म्हणून सोडून देतां येत नाहीं. याच काळांत युरोपांत दुसरी वाट निघाली. बीटाच्या कंदांत तीच साखर आहे हें मार्कग्राफ या जर्मन शास्त्रज्ञानें १७४७ मध्यें दाखविलें होतें. त्याचा शिष्य आखार्ड यानें १८०१ मध्यें सायलेशियांत बीटाच्या साखरेचा कारखाना काढला. इंग्लंडनें १८७४ मध्यें साखरेवरील जकात उठविली. साखर सामान्यांच्या आटोक्यांत आली, आणि राजवैद्यांची साल साध्या गृहिणीच्या चुलीवर आली.

कृति मात्र बदलली नाहीं, कारण तिच्यामागील निसर्गनियम बदलत नाहींत. जाड साल आंतील पांढऱ्या भागासह घ्यावी. साखर शोषतो तो तोच भाग. ती दोन-तीन पाण्यांत उकळून प्रत्येक वेळीं पाणी फेकावें. यानें कडूपणा जातो व साल मऊ होते. ती पुरती मऊ झाल्यावांचून पाकांत घालूं नये. साखर शिरल्यावर ती पुन्हा मऊ होत नाहीं. मग प्रथम पातळ पाकांत बुडवावी. दुसरे दिवशीं पाक निथळून, त्यांत थोडी साखर वाढवून, उकळून पुन्हा वर ओतावा. असें आठ-दहा दिवस चालावें. आरंभींच घट्ट पाक घातला, तर साखर आंत शिरण्यापूर्वीं सालींतील पाणी बाहेर ओढलें जातें, आणि साल आकसून चामड्यासारखी होते. पाकांत थोडा लिंबाचा रस घातल्यास साखरेचे खडे बनत नाहींत. शेवटीं साल निथळून सावलींत वाळवावी. साखरेनें भरलेल्या त्या फोडींत सूक्ष्म जंतूंना वापरावयास पाणी उरत नाहीं, म्हणून ती महिनोंमहिने टिकते. उरलेला सुगंधी पाक सरबताला उपयोगी पडतो.

कोंकणांतल्या पपनसाची जाड सालही अशी मुरवितां येते. खर्च थोडा, पण आठवड्याहून अधिक दिवसांचा धीर लागतो. या कामांत घाईला जागा नाहीं. एके काळीं ही फोड राजवैद्याच्या डबींत असे, आणि तिच्या साखरेसाठीं कोणाचा तरी हात चरकांत जात असे. आज ती टाकाऊ सालींतून आणि आपल्याच कष्टांतून घरीं तयार होते. तिची गोडी चाखतांना ती केवढ्या किंमतीनें आपल्यापर्यंत आली याची आठवण राहिली, तर इतिहासाचें ऋण थोडें तरी फिटेल.